पांढऱ्यावर पांढरे

लिहायला बसण्याला आपल्याकडे 'पांढऱ्यावर काळे करणे' असे म्हणतात. या तीन शब्दांत लेखनविद्येचे सारे मर्म येऊन गेले आहे. कागद पांढरा असून भागत नाही, शाई काळी असून भागत नाही. एकाचा रंग दुसऱ्याहून निराळा असला तरच अक्षर दिसते. शाळेतल्या दगडी पाटीवर हाच कायदा उलटा होतो, काळ्यावर पांढरे. पण कायदा मोडत नाही. पांढऱ्यावर पांढरे किंवा काळ्यावर काळे लिहिणारा शहाणा मात्र आजवर कोणाच्या पाहण्यात नसेल.

माझ्या पाहण्यात तो आला आहे. तो आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात, दुकानात नि कचेरीत मेजावर बसलेला असतो आणि त्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो. त्याच्या पडद्यावरच्या 'खिडकी'ची जमीन आणि त्या जमिनीवरचे अक्षर यांचे भांडण झाले म्हणजे काय अनर्थ ओढवतो, तो कसा ओळखावा आणि कसा निस्तरावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. विषय रंगाचा असला तरी मामला पैशाचा आणि पतीचा होता.

टेंभुर्णीची उधारी

पुण्याहून सोलापूरला मोटारीने जाणाऱ्यांना टेंभुर्णी ठाऊक असते ती बहुधा चहापुरती. माढा तालुक्यातले हे गाव हमरस्त्यावरच वसले आहे. इथून एक वाट करमाळ्याकडे फुटते, दुसरी पंढरपूरकडे. कुर्डुवाडीचे जंक्शनही फार दूर नाही. भीमेवरचे उजनी धरण अगदी जवळ. त्या पाण्याने या टापूत ऊस आणला, केळी आणली, आणि त्यांच्यापाठोपाठ खताची नि बियाण्यांची दुकानेही आणली.

या दुकानांचा व्यवहार उधारीवर चालतो. शेतकरी खत नेतो आज आणि पैसे देतो उसाचे बिल आले म्हणजे. मधले महिने दोघांमध्ये साक्षीला असते ती फक्त खातेवही. म्हणून लक्ष्मीपूजनाला वहीपुढे हळदकुंकू वाहतात ते केवळ रीत म्हणून नव्हे. पुढे वहीची जागा कॉम्प्युटरने घेतली, आणि आता काही दुकानांत वहीच्या जोडीला त्याच्या कपाळीही कुंकवाचे बोट लागते.

मी या गावात कॉम्प्युटर बसवून देण्याचे आणि बिघडलेले नीट करण्याचे काम करतो. गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी अशाच एका दुकानातून मला निरोप आला. दुकानाचे दिवाणजी पासष्टी ओलांडलेले. लाल कापडी बांधणीच्या वह्या त्यांनी तीस वर्षे लिहिल्या आणि उतारवयात कॉम्प्युटरही शिकून घेतला. अलीकडे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला होता. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग गढूळ होते, आत शिरणारा उजेड विखुरतो, आणि पांढराशुभ्र पडदा समोर आला की नुसता लखलखाट होतो. दिवाणजी कपाळावर हात धरून आकडे वाचीत. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर ठरली होती.

शेटजींची मुलगी पुण्यास इंजिनीअरिंग शिकते. सुट्टीत घरी आल्यावर तिने दिवाणजींचा त्रास पाहिला आणि कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सारा पडदा काळा नि अक्षरे पांढरी करून दिली. विंडोजमध्ये ही सोय १९९५ सालच्या आवृत्तीपासून आहे. तिला पूर्वी 'हाय कॉन्ट्रास्ट' म्हणत. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये तिचे नाव 'कॉन्ट्रास्ट थीम' झाले. मंद नजरेच्या माणसांसाठीच ती केलेली आहे. दिवाणजी हरखून गेले. "पोरी, पाटीवर लिहिल्यावानी दिसतंय की गं!" असे ते म्हणाले म्हणतात.

तीनाचे तीस

दोन दिवस सारे ठीक चालले, म्हणजे चालले असे वाटले. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी दुकानी आला. त्याच्या फोनवर बाकीचा आकडा गेला होता, तीस हजार.

"दिवाणजी, म्या तीन हजाराचं खत नेलतं. पावती हाय माझ्यापाशी. तीस कशी झाली?"

आवाज चढला नव्हता, पण दुकानात गिऱ्हाईक होते आणि सगळ्यांनी ते ऐकले. शेटजींनी पावतीपुस्तक काढले. तीन हजारच होते. दिवाणजींचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत त्यांच्या हिशेबाकडे कोणी बोट दाखवले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी शेटजींना सांगितले, "आता माझ्या डोळ्यांनी हे काम होणार नाही. पाडव्यापासून दुसरा माणूस बघा."

मी गेलो तेव्हा पडदा काळा होता, अक्षरे पांढरी होती, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले आकडे भरायचे रकाने तेवढे पांढरे स्वच्छ आणि रिकामे दिसत होते. 'मागील बाकी' हाही रकाना रिकामा. मी माऊस त्या रकान्यात टेकवला आणि कंट्रोल व ए ही बटणे एकदम दाबली. या खुणेने रकान्यातला सारा मजकूर निवडला जातो आणि निवडलेल्या मजकुराला निराळी जमीन नि निराळे अक्षर मिळते. रिकाम्या रकान्यात आकडा उमटला. दिवाणजी खुर्चीवरून अर्धे उठलेच. "हे तर गुप्त शाईने लिहिल्यासारखं झालं!"

आकडे कुठे गेले नव्हते. पांढऱ्या रकान्यात ते पांढऱ्या रंगाने बसले होते. दिवाणजींना रकाना रिकामा दिसला. रिकामा रकाना सोडायचा नाही या जुन्या शिस्तीने त्यांनी तिथे एक शून्य घातले. ते शून्य तीन हजारांच्या शेपटीला जाऊन चिकटले आणि तीनाचे तीस झाले. अशी सतरा खाती निघाली. शनिवारी पेनड्राइव्हवर घेतलेली नक्कल आणि पावतीपुस्तके समोर ठेवून आम्ही ती रात्री दहापर्यंत जुळवली. शेटजींनी सतराही जणांना स्वतः फोन केला. दोष दिवाणजींच्या डोळ्यांचा नव्हता. तरणाताठा माणूस बसला असता तरी त्याला पांढऱ्यावर पांढरे दिसले नसते.

एका खिडकीचे दोन रंगारी

मग दोष कोणाचा? हे समजण्यासाठी पडद्यावरची खिडकी रंगवतो कोण ते पाहिले पाहिजे. आपल्याला ती एकसंध दिसते, पण तिला रंगारी दोन असतात. एक रंगारी म्हणजे विंडोज किंवा लिनक्स यांसारखी मूळ यंत्रणा; दुसरा म्हणजे ज्याची ती खिडकी ते सॉफ्टवेअर. यंत्रणेपाशी रंगांची एक यादी असते, खिडकीची जमीन अमुक, अक्षर अमुक, निवडलेली ओळ अमुक. सॉफ्टवेअरने काही सांगितले नाही तर यंत्रणा आपल्या यादीप्रमाणे रंग देते. सांगितले तर सॉफ्टवेअरचे चालते.

आमच्या सॉफ्टवेअरने काय केले होते? रकान्याची जमीन पांढरी, असे स्वतः ठरवून टाकले होते आणि अक्षराच्या रंगाबद्दल मौन पाळले होते. यंत्रणेच्या नेहमीच्या यादीत अक्षर काळे असते, त्यामुळे वर्षानुवर्षे सारे गोड चालले. मुलीने यादी बदलली. यंत्रणेने अक्षर पांढरे केले, कारण तिच्या मते जमीन काळी होती. सॉफ्टवेअरने जमीन पांढरीच ठेवली, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते. लुगड्याची जमीन एका विणकराने ठरवावी आणि काठ दुसऱ्याने, आणि दोघांची गाठ पडू नये, त्यातला हा प्रकार.

हे सॉफ्टवेअर करून देणारी कंपनी लहान आहे. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. मी फोन केला तेव्हा पलीकडचा तरुण अदबीने म्हणाला, "सर, आमच्याकडे तर सगळं दिसतंय." दिसणारच! त्याचा पडदा पांढरा होता. मी फोटो पाठवले तेव्हा त्याची खात्री पटली आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त प्रत आली. त्याने अक्षर सगळीकडे काळे करून दिले होते.

रकान्यांतले आकडे आता दिसू लागले. पण रकान्यांच्या बाहेर 'खातेदाराचे नाव', 'गाव', 'येणे बाकी' अशी जी नावे होती ती नाहीशी झाली. ती खिडकीच्या जमिनीवर थेट लिहिलेली होती, ती जमीन यंत्रणेच्या यादीप्रमाणे काळी होती, आणि अक्षर आता हुकमाने काळे. आकडा दिसतो पण तो कशाचा ते कळत नाही! काल पांढऱ्यावर पांढरे होते, आज काळ्यावर काळे झाले.

या दोन्ही फजित्यांतून एकच नियम निघतो, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या जगात तो जुना आहे: जो जमिनीचा रंग ठरवील त्यानेच अक्षराचाही ठरवावा, नाहीतर दोन्ही यंत्रणेवर सोपवावेत. अर्धे आपण आणि अर्धे तिने, असे कधीही करू नये. खेड्यातल्या छोट्या सॉफ्टवेअरलाच हा रोग आहे असे नाही. लिनक्सवर १९९६ साली सुरू झालेले केडीई आणि १९९७ साली सुरू झालेले ग्नोम यांनी पडद्याचे रूप हवे तसे पालटण्याची हौस पुरवली. पण ज्यांनी काळे रूप घेतले त्यांना फायरफॉक्ससारख्या नामांकित ब्राउझरमध्येही काही पानांवरच्या रकान्यांत न दिसणारी अक्षरे बरीच वर्षे सोसावी लागली. कारण तेच. जमीन पानाने ठरवलेली, अक्षर यंत्रणेने.

खरी दुरुस्ती

तिसऱ्या प्रतीच्या वेळी मी त्या तरुणाशी फोनवर तासभर बोललो. त्याने ऐकून घेतले हा त्याचा चांगुलपणा. काम चार पायऱ्यांत झाले.

पहिली पायरी शोधाची. सॉफ्टवेअरमध्ये ठिकठिकाणी 'इथे पांढरा', 'इथे करडा' असे रंग पेरलेले होते. ते सगळे वेचून एका जागी आणले आणि त्यांना रंगाच्या नावाऐवजी कामाचे नाव दिले: जमीन, अक्षर, चौकट, निवडलेली ओळ, बंद रकाना. 'पांढरा' या नावाचा रंग काळा करता येत नाही. 'जमीन' या नावाचा करता येतो.

दुसरी पायरी जोडीची. प्रत्येक जमिनीला तिचे अक्षर नेमून दिले आणि दोन्ही एकाच यादीतून घेतली. निवडलेल्या ओळीची जमीन यंत्रणेची, तर तिचे अक्षरही यंत्रणेचेच.

तिसरी पायरी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सॉफ्टवेअर चालू असतानाच कोणी रंगसंगती बदलली तर यंत्रणा प्रत्येक खिडकीला तशी वर्दी देते. ती ऐकून जुने रंग टाकून नवे मागून घ्यावे लागतात. वर्दीकडे दुर्लक्ष केले तर अर्धी खिडकी नवी आणि अर्धी जुनी राहते, आणि सॉफ्टवेअर बंद करून उघडल्यावर आपोआप बरी होते. तपासायला माणूस येईपर्यंत रोग गायब, असा हा विकार.

चौथी पायरी चित्रांची. छापण्याचे, जतन करण्याचे बटण यांवरची चित्रे काळ्या रेघांची होती. काळ्या जमिनीवर ती विरघळून गेली. त्यांना फिकट कड दिली.

शेवटी परीक्षा. ती पांढऱ्या आणि काळ्या अशा दोनच पडद्यांवर घेऊन भागत नाही. मी एक तिसरा पडदा केला, जांभळ्या जमिनीवर पिवळे अक्षर. दिसायला तो भयंकर. पण पेरलेला एखादा पांढरा रंग वेचायचा राहिला असेल तर तो या पडद्यावर चटकन उघडा पडतो. १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्ये लाल आणि भडक पिवळ्या रंगांची 'हॉट डॉग स्टँड' नावाची एक संगती होती. लोक तिला हसत आले आहेत, पण असल्या परीक्षेला तिच्यासारखी दुसरी नाही. आमच्या तिसऱ्या पडद्यावर एक रकाना पांढरा निघालाच, छापील बिलाच्या तारखेचा.

डोळ्याचे गणित

रंग निराळे असले म्हणजे झाले असेही नाही. ते पुरेसे निराळे हवेत. याचे माप आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, वेबची पाने सर्वांना वाचता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत ते दिले आहे, आणि पडद्यावरच्या कोणत्याही मजकुराला ते लावता येते. दोन रंगांची तेजस्विता मोजून त्यांचे प्रमाण काढायचे. पांढऱ्यावर काळे हे प्रमाण २१ ला १, याच्या वर काही नाही. सारखेच दोन रंग म्हणजे १ ला १. साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ हवे, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालते.

तेजस्विता मोजताना सगळ्या रंगांना सारखे वजन नसते. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडातले शंभरापैकी सुमारे ७२ भाग तेज हिरव्याचे, २१ तांबड्याचे आणि अवघे ७ निळ्याचे असते. म्हणून गर्द निळा आकडा पांढऱ्यावर झकास दिसतो, ८.६ ला १. तोच काळ्यावर नेला की २.४ ला १ होऊन अंधारात बुडतो. पिवळ्याचे नेमके उलट. काळ्यावर तो १९ ला १ हून अधिक, आणि पांढऱ्यावर जवळजवळ १ ला १, म्हणजे नाहीच. एका जमिनीवर शोभणारा रंग दुसऱ्या जमिनीवर तसाच उचलून ठेवता येत नाही तो यासाठी.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये येणे हिरवे आणि देणे तांबडे होते. तांबड्या-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही अशी माणसे, विशेषतः पुरुष, आपण समजतो त्याहून पुष्कळ असतात. म्हणून रंगाच्या जोडीला 'येणे' आणि 'देणे' असे शब्दही घालून घेतले. शब्दाला रंगाची भीती नसते.

आपल्या देवनागरीला तर या मापाची जास्तच गरज. तिची पुष्कळशी मदार बारीक खुणांवर, मात्रा, रफार, अनुस्वार. फिकट करड्यावर गडद करडे लिहिले की सर्वांत आधी जातो तो अनुस्वार. मग 'खंत' आणि 'खत' यांत फरक उरत नाही, आणि खताच्या दुकानात हा विनोद परवडत नाही. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशी या मराठी कवी-सुलेखनकाराच्या हातचा. त्याचे वळण कितीही देखणे असले तरी जमिनीने साथ दिली नाही तर टंक बिचारा काय करणार? उलट बाजूही सांगितली पाहिजे. ठार काळ्यावर लखलखीत पांढरे अक्षर काहींच्या डोळ्यांना पसरल्यासारखे दिसते आणि 'ष', 'क्ष' यांची पोकळी भरून जाते. त्यांना किंचित मंद पांढरे अक्षर किंवा साधा पांढरा पडदाच बरा. सर्वांना एकच रंग मानवेल ही आशा करू नये. ज्याचा डोळा त्याची निवड.

घरच्यांसाठी चार सूचना

वाचकांपैकी सगळेच काही सॉफ्टवेअर लिहीत नाहीत. पण बहुतेकांच्या घरी आजोबा किंवा आई पडद्यापुढे बसून बँकेचे, पेन्शनचे काम करतात. त्यांच्यासाठी या सूचना.

रंग बदलल्यावर रकाना रिकामा दिसला तर त्यात काहीही लिहू नका. आधी कंट्रोल-ए दाबून आत काही दडले आहे का पाहा.

एकाएकी सारा पडदा काळा झाला तर घाबरू नका. विंडोजमध्ये डावे आल्ट, डावे शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन ही तीन बटणे एकदम दाबली गेली की कॉन्ट्रास्टची सोय चालू होते. तीच पुन्हा दाबली की बंद होते.

'डार्क मोड' आणि 'कॉन्ट्रास्ट थीम' एक नव्हेत. विंडोज १० मध्ये २०१६ साली आणि ॲपलच्या मोहावे आवृत्तीत २०१८ साली आलेला गडद पडदा बराचसा सौम्य असतो. विंडोजवर पुष्कळ जुनी सॉफ्टवेअरे त्याची दखलच घेत नाहीत आणि पांढरीच राहतात. कॉन्ट्रास्ट थीम मूळ यादीच बदलते, म्हणून तिचा परिणाम जास्त आणि गोंधळही जास्त. नुसता उजेड सोसत नसेल तर आधी पडद्याचा उजेड कमी करून पाहावा.

तक्रार करताना 'दिसत नाही' एवढेच म्हणू नका. कोणती थीम, कोणती खिडकी, कोणता रकाना हे लिहा आणि पडद्याचा फोटो जोडा. करणाऱ्याच्या पडद्यावर ते दिसत असते. आपल्या पडद्यावर काय आहे ते त्याला दाखवावे लागते.

धनत्रयोदशीच्या दिवशी तिसरी प्रत बसली. दिवाणजींनी काळ्या पडद्यावर सतराही खाती पुन्हा एकदा उघडून आकडे मोठ्याने वाचले आणि शेटजींनी पावत्यांशी ताडून पाहिले. पाडव्याला दुसरा माणूस आला नाही. पुढच्या महिन्यात एका डोळ्याची शस्त्रक्रिया चांगली झाली. आता पडदा पांढरा करून देऊ का, असे मी विचारले तर दिवाणजी म्हणाले, "राहू द्या काळाच. दुसरा डोळा अजून व्हायचाय."